बडोद्याहून जामनगर, भाड्याच्या कॅराव्हॅननी: कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

आधी मार्क देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं सगळं वाचायला नको. गाडीला पाचपैकी तीन. गाडी भाड्यानी देणाऱ्या एजन्सीला दोन, त्यातलाही एक ड्रायव्हरभाईंच्या वाट्याचा. आणि जामनगरच्या किनाऱ्याला पाचपैकी पाच, त्याच्या वर काही देता येत असतं तर तेही दिलं असतं. एजन्सीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण बुकिंगच्या आधी दोन-चार ठिकाणी फोन केले होते आणि सगळ्यांच्या गाड्या, अटी आणि गोड बोलणं जवळपास सारखंच निघालं, तेव्हा एकालाच कशाला धरायचं.

हल्ली बडोद्यात या कॅराव्हॅनची हवा जोरात आहे. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये रील, छप्पर ओढलंय, खाली खुर्च्या टाकल्यात, कुणीतरी मगमधून कॉफी पितंय, आणि वर लिहिलेलं असतं चाकांवरचं हॉटेल. तर हॉटेल म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, त्याच पैशात जामनगरला चांगलं हॉटेल मिळतं, गरम पाणी मिळतं आणि रात्री कूस बदलायला जागा मिळते. पण जिथे घड्याळ आपल्या हातात नसून समुद्राच्या हातात असतं, म्हणजे ओहोटी सकाळी लवकर असेल तर तुम्ही लवकर तिथे हजर पाहिजे, पक्षी उजाडताना दिसत असतील तर उजाडताना तिथे पाहिजे, तिथे ही गाडी खरी कामाची. आमचे बाकी सगळे वैताग या एका गोष्टीनी भरून निघाले.

गाडीबद्दल सांगते. टेम्पो ट्रॅव्हलर असते ना, तिच्याच सांगाड्यावर आतून सगळं सुतारकाम केलेलं. मागे वरखाली बंक, मधे सोफा जो रात्री पलंग होतो, एक छोटा ओटा, सिंक, फ्रिज, इंडक्शन, आणि कपाटाएवढी संडास-बाथरूम. टपावर सोलर पॅनेल, बाजूला ओढायचं छप्पर. सांगताना सहा जणांची सोय सांगतात. सहा जण बसतात मस्त, त्यात वाद नाही, पण झोपतात चार मोठे आणि दोन लहान. आम्ही होतो आई म्हणजे माझ्या सासूबाई, नवरा, मी, लेक, भावोजी आणि जाऊबाई. भावोजी उंच, त्यांचे पाय रात्रभर ओट्याच्या कडेला लागत होते आणि दर थोड्या वेळानी सिंकमधला चमचा खणखणायचा. शेवटी ते पुढच्या सीटवर जाऊन बसल्या बसल्या झोपले. ड्रायव्हरभाई कुठे झोपणार हा प्रश्न तर एजन्सीला कधी पडलेलाच नसावा, विचारलं तर म्हणे ते बघून घेतील. आम्ही दोन्ही रात्री त्यांना खोली घेऊन दिली, बिलात नव्हती ती, पण जो माणूस आपल्या सगळ्या घराला घेऊन गाडी चालवणार त्याची झोप नीट झालेली बरी.

विजेचं नीट विचारून घ्या. एसी चालतो पण बाहेरच्या प्लगवर, बॅटरीवर नाही, आणि प्लग पण पंधरा अँपियरचाच हवा, साधा चालत नाही. आम्ही उत्तरायण उरकून निघालो होतो, थंडी होती, त्यामुळे एसी लागलाच नाही, पण एप्रिल-मे मध्ये जाणाऱ्यांनी हे आधी पक्कं करा नाहीतर लोखंडी डब्यात शिजाल. इंडक्शनचं पण तेच, फुलवर टाकला की इन्व्हर्टर टुं टुं करून बंद. आईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं की हे आपल्याला जमणारं नाही, आणि मेतकूट-भातापुरता कमी पॉवरवर मंद मंद भात शिजवत बसल्या, तो इतका छान झाला की जाऊबाई म्हणाल्या आता घरी पण असाच करू या. चहा मात्र त्यावर होईपर्यंत माणूस म्हातारा होतो. छोटा गॅस मागून घ्या, काही गाड्यांत देतात.

आता रस्ता. आम्ही राहतो दांडिया बाजारात, जुनं घर, आमच्या बोळात कॅराव्हॅन सोडा, मोठी गाडी आली तरी समोरच्याला दुकान आवरायला लागतं. म्हणून सामान रिक्षात घालून सगळे अमितनगर सर्कलला गेलो आणि तिथून चढलो. एक्सप्रेसवे, मग अहमदाबादला वळसा, मग लिंबडी, चोटिला, राजकोट, आणि पुढे जामनगर, सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या आसपास. घरच्या कारनी सकाळी निघालं तर दुपारचं जेवण तिकडे होतं. ही गाडी सत्तरच्या पुढे गेली की आतली सगळी कपाटं बोलायला लागतात, त्यामुळे ड्रायव्हरभाई पासष्टवरच होते, आणि बरोबरच होते. दुपार उलटली पोचायला. चालत्या गाडीत बंकवर झोपता येतं असं लेकीला वाटलेलं, तिला उठवून सीटवर बसवून बेल्ट लावला त्यावर ती राजकोटपर्यंत रुसलेली. एजन्सीचा माणूस झोपू द्या, काही नाही होत असं म्हणाला होता. आपण ऐकायचं नाही.

जामनगर शहरात ही गाडी निरुपयोगी, हे स्पष्ट लिहिते. जुन्या गावातले रस्ते अरुंद, चांदी बाजारच्या बाजूला तर रिक्षाच हवी. आम्ही गाडी बाहेर मोठ्या रस्त्याला लावली आणि रिक्षानी लाखोटा तलावावर गेलो. मधे किल्ला, भोवती पाणी, थंडीत कुरव पक्षी एवढे की पांढरं छत उडतंय असं वाटावं. आणि काठावर लोक हातात गाठियेची पुडी घेऊन उभे, वर फेकतात आणि कुरव हवेतच झेलतात, फोटो भारी येतात. पण अहो ते हजारो किलोमीटर उडून आलेले पक्षी, मासे खाणारे, त्यांना तेलातलं बेसन आणि पापडखार कशाला? लेकीनी विचारलं आपण पण फेकू का, मी नाही म्हटलं, बाजूच्या काकांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पुण्याच्या कामात मोडता घातला. गाठिये आपण खावेत. त्यापेक्षा जामनगरचे तिखट घुघरे, म्हणजे तळलेल्या तिखट करंज्याच, त्या खा, वरून चटण्या आणि शेव, डोळ्यातून पाणी येतं तरी दुसरी प्लेट मागतो माणूस. आपल्या बडोद्याच्या सेवउसळीवर वाढलेल्या लोकांना तिखटाचं काय भय, असं भावोजी म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत होते.

तलावाच्या काठावरच बाला हनुमानाचं मंदिर आहे, तिथे १ ऑगस्ट १९६४ पासून श्रीराम जय राम जय जय राम ही धून चोवीस तास अखंड चालू आहे, पाळीपाळीनी लोक येऊन बसतात. आई तिथे बसल्या त्या उठेनात. शेवटी आम्ही बाकीच्यांनी तेवढ्यात सुकी कचोरी आणि बांधणीचं दुकान उरकून घेतलं, जाऊबाईंनी दुपट्टे घेतले, भाव न करता, हे मला अजून पटलेलं नाही.

खरं कारण ज्यासाठी गाडी घेतली ते नरारा. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला आपल्या देशातलं पहिलं मरीन नॅशनल पार्क आहे, १९८२ मध्ये जाहीर झालेलं, त्यात बेचाळीस बेटं येतात, नरारा त्याचाच भाग. बहुतेक ठिकाणी प्रवाळ बघायचं तर पाण्यात बुडी मारावी लागते. इथे उलटं आहे, ओहोटीला समुद्रच मागे सरतो, चांगला लांब, आणि आपण चालत प्रवाळाच्या मधोमध जातो. पण ते सगळं ओहोटीच्या हिशोबानी. दुपारी बारा वाजता आरामात पोचलात आणि भरती असली तर गेटवर उभं राहून पाणी बघायचं आणि परत यायचं, आमच्या ओळखीतले एक कुटुंब असंच परत आलंय.

आईंचं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे उधाण, भांग हे सगळं त्यांना तोंडपाठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरतीही मोठी आणि ओहोटीही खोल, अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही धड उतरत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे गणित पण त्यांनी घातलं. गाइडभाईंनी मात्र हसून मान हलवली, हे आखात आत निमुळतं होत जातं, भरती तोंडावरच्या ओख्याहून आत यायला वेळ लागतो, कोकणातला हिशोब इथे तसाच्या तसा बसत नाही, इथला तक्ता वेगळा. आई जरा हिरमुसल्या पण उधाणाचं त्यांचं बरोबर होतं, म्हणून आम्ही पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झालेले असे दिवस धरले होते. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पौर्णिमेला फार लवकर असलेली वेळ आम्हाला सकाळी नीट उजाडल्यावरची मिळाली. आणि इथेच गंमत आहे, शनिवार-रविवार बघून बुकिंग करायची आपल्याला सवय, एजन्सीचा दर पण शनि-रवीला चढलेला, पण समुद्राला शनिवार माहीत नाही. पंचांग बघून मधल्या वारी गेलो तर दर पण कमी पडला.

नरारा जामनगरहून साठ किलोमीटरच्या आसपास, द्वारकेच्या रस्त्यानी जाऊन वाडिनारकडे वळायचं. पाणी अगदी खाली जायच्या दीड-दोन तास आधी गेटवर असावं, म्हणजे हॉटेलात राहिलात तर काळोखात उठून सगळ्यांना आंघोळी घालून निघायचं, आणि सहा जणांच्या घरात ते किती वाजता होतं ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही आदल्या रात्रीच वाडिनारच्या अलीकडे एका रस्त्यावरच्या हॉटेलच्या आवारात गाडी लावली. पार्कच्या हद्दीत रात्री राहता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, तेव्हा असं कुणाला तरी विचारून लावायची. मालकांनी रात्रीचं जेवण इथे घ्या, प्लग घ्या, गाडी लावा असं सरळ सांगितलं. बाजरीचा रोटला, रिंगणाचा ओळो म्हणजे वांग्याचं भरीत, कढी, लसणाची चटणी, गूळ. हॉटेल म्हणून मला त्या गाडीपेक्षा हे हॉटेल जास्त आवडलं. डास मात्र भयंकर, खिडकीची एक जाळी कोपऱ्यात फाटलेली होती, ती आम्ही ओढणी खोचून बंद केली. लक्षात ठेवा ही जाळी, पुढे येणार आहे.

सकाळी उठलो, कपडे बदलले, चहा (हॉटेलवाल्याच्या गॅसवरचा), आणि निघालो की पोचलो. कुणी धावपळ नाही, कुणाची भांडणं नाहीत. ही त्या गाडीची कमाई.

गेटवर ओळखपत्र दाखवून परवानगीचे पैसे भरायचे, स्थानिक गाइड बरोबर घ्यायचा, तो घ्याच. चपला घालून जाऊ नका, जुने कॅनव्हासचे बूट घाला ज्यांचा तळ घसरत नाही, ते नंतर फेकायची तयारी ठेवून. आधी तिवरांच्या मधून चिखल लागतो, तिवराची मुळं जमिनीतून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, श्वास घ्यायला, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. मग हळूहळू खडक, डबकी, आणि डबक्यांत एकेक चालू. आधी काहीच दिसत नाही हे सांगून ठेवते, पहिली पंधरा मिनिटं लेक म्हणत होती की मम्मी इथे तर नुसता चिखल आहे. मग गाइडभाई एका जागी थांबले, बोटानी दाखवलं, आणि तो जो करड्या रंगाचा दगड होता तो सरकला. ऑक्टोपस. आमच्यासमोर वाळूचा होता तो हिरवट झाला, मग तपकिरी, त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात त्या तो आवळतो, सैल सोडतो. तीन हृदयं आणि रक्त निळं, कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं. लेकीनी नंतर ती तीन हृदयांची गोष्ट राजकोटपर्यंत सगळ्यांना ऐकवली, म्हणजे जाताना रुसवा आणि येताना ऑक्टोपस.

समुद्री काकडी बघितली, स्टारफिश, काटकुळ्या हातांचे ब्रिटल स्टार, गालिच्यासारखा पसरलेला अ‍ॅनिमोन, केसाळ खेकडा, आणि मेंदूच्या घड्यांसारखा दिसणारा प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नाही, ते बारीक प्राण्यांचं घर आहे, आणि त्या प्राण्यांच्या अंगात शेवाळ राहतं जे उन्हावर अन्न करून त्यांना पोसतं. पाणी गढूळ झालं, त्यावर गाळ बसला की ऊन पोचत नाही आणि ते उपाशी मरतं. म्हणून पाय कुठे ठेवायचा ते बघून ठेवायचा, पाण्यातला गाळ ढवळायचा नाही. प्रवाळ आणि समुद्री काकडी दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या यादीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच. शंख, तुकडा, काही म्हणजे काही उचलून आणायचं नाही.

एक गोष्ट खटकली ती लिहिते. आमच्या पुढे एक ग्रुप होता, त्यांच्या आग्रहावरून त्यांच्या गाइडनी पफर मासा हातात उचलून दाखवला, तो फुगला, सगळे टाळ्या वाजवतायत. तो मासा घाबरला म्हणून फुगतो हो. पाण्यात असताना तो पाणी गिळून फुगतो, बाहेर काढला की हवा गिळतो आणि ती हवा बाहेर टाकणं त्याला जड जातं. आमच्या गाइडभाईंना आम्ही आधीच सांगितलं की आम्हाला काही उचलून दाखवू नका, त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, बेन, लोकच मागतात, नाही उचललं तर म्हणतात पैसे वाया गेले. तर तुम्ही जाल तेव्हा हे एक वाक्य आधी बोलून टाका.

परतायची वेळ गाइड सांगेल तेव्हा परतायचं, अजून एक फोटो वगैरे नाही. पाणी समोरून येतंय असं वाटतं पण ते आधी मागच्या खोलगट जागा भरतं. आई जवळपास सगळं अंतर चालल्या, काठी घेऊन, भावोजींचा हात धरून. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र अर्ध्यावरूनच परत फिरावं, खालचा दगड धारदार आहे. आणि येता-जाता रिफायनरीच्या चिमण्या आणि टाक्या दिसत राहतात, एवढ्या मोठ्या तेलाच्या कारभाराच्या अंगणात हा ऑक्टोपस रंग बदलत बसलाय, याचं काय करायचं ते मला कळलं नाही.

आता गाडीचा सगळ्यात वाईट भाग. पाण्याची टाकी शंभर लिटरची. सहा जणांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, एकानी पाय धुतले की काटा खाली. पण येणारं पाणी परवडलं, जाणाऱ्याचं काय? सिंकचं आणि आंघोळीचं सांडपाणी खालच्या वेगळ्या टाकीत जमा होतं, संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची छोटी टाकी, वेगळी, ती बाहेर ओढून कुठेतरी नीट संडासातच रिकामी करायची असते. आम्ही बुकिंगला विचारलं होतं की हे कुठे रिकामं करायचं, उत्तर मिळालं ड्रायव्हर बघून घेईल. ड्रायव्हरभाईंना एजन्सीनी काय सांगितलेलं? रस्त्याच्या कडेला कॉक उघडायचा. त्यांनी खिजडियाच्या रस्त्याला गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरले तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं. साबणाचं पाणी, तेही पाणथळ जागेच्या उशाला! थांबवलं, आणि मग संध्याकाळी जिथे मुक्काम केला त्या ठिकाणच्या संडासाच्या चेंबरमधे विचारून ओतलं, कॅसेट पण तिथेच. वास येतो, लपवत नाही. ड्रायव्हरभाईंचा दोष नाही, त्यांना कुणी दुसरी जागा दाखवलीच नव्हती. महाराष्ट्रानी आणि केरळनी २०२१ मध्ये कॅराव्हॅनच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केलं, चांगलं आहे, पण रस्त्यावर उतरल्यावर पहिला प्रश्न धोरणाचा नाही, कॅसेट कुठे ओतायची हा आहे. जोवर याचं उत्तर एजन्सी पत्त्यासकट देत नाही तोवर माझे त्यांना दोनच मार्क.

नराराहून परत येताना संध्याकाळी बालाचडीच्या किनाऱ्यावर गेलो. किनारा शांत, ओला, फार काही करायला नाही, लेकीनी खेकड्यांच्या मागे पळून घेतलं. पण गोष्ट मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, घरदार गेलेल्या पोलंडच्या मुलांना नवानगरच्या, म्हणजे जामनगर संस्थानच्या, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी इथे आसरा दिला, शेकडो मुलं होती. पोलंडची राजधानी वॉर्सामधे त्यांच्या नावानी चौक आहे, चांगल्या महाराजांचा चौक. आता तिथे सैनिक स्कूल आहे. आम्ही बडोद्याचे, सयाजीरावांच्या गोष्टी ऐकत मोठे झालेले, आईंना हे ऐकून आपल्या राजाच्या बरोबरीचा कुणीतरी भेटला असं झालं, एवढ्यावरच थांबल्या, बरोबरीचाच म्हणाल्या, वरचढ नाही.

मग खिजडिया. हे जामनगरच्या अलीकडे, राजकोटच्या रस्त्यावर जांबुडा पाटियाहून आत. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालेली पाणथळ जागा. फार मोठी नाही, सहा चौरस किलोमीटरच्या आसपास, पण रचना अशी की स्वातंत्र्याच्या आधी संस्थानानी समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून पाळ बांधली, त्यामुळे पाळीच्या एका अंगाला नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं. माणसांनी शेतीसाठी बांधलेली भिंत, आणि सोय पक्ष्यांची झाली. एका बाजूला बघाल तर चांदवे, थापट्या, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, दुसऱ्या बाजूला मान वळवली की रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पेलिकन आणि चिखलात टोचणारे किनाऱ्यावरचे पक्षी. एका जागी उभं राहून एवढं वेगवेगळं मी तरी कुठे बघितलेलं नाही, आणि मी मगरी असलेल्या विश्वामित्रीच्या शहरात राहते, जंगली प्राण्यांचं आम्हाला काही अप्रूप नसतं, आमच्याकडे पावसात त्याच सोसायटीत येतात.

इथे उजाडायच्या आधी गेटवर असायला हवं, आणि परत एकदा गाडीमुळे तसे होतो. गाडी बाहेर ठेवली, चालत आत गेलो. थंडीत क्रौंच येतात, रात्री पाण्यात उभे राहून झोपतात आणि सूर्य वर आला की शेतांकडे निघतात, ते निघणं बघायचं. आधी आवाज येतो, तुतारीसारखा, मग रांगा. त्यातले कांड्या करकोचे मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. उन्हं वर आली की हे सगळं संपतं, नऊ वाजता येणाऱ्यांना बदकं दिसतात आणि ते म्हणतात छान आहे. रोहितांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, बारीक शेवाळ आणि कोळंबीसारख्या जिवांतून, हे बोर्डावर पण आहे. काळ्या मानेचा करकोचा एकच दिसला, लांबून, पण दिसला, भावोजींनी दुर्बीण कुणाला दिली नाही तोपर्यंत.

माझा आवडता मात्र आदल्या दिवशी नराराच्या चिखलात दिसलेला क्रॅब प्लोव्हर. काळा-पांढरा, जाड चोच, खेकडे मटकावणारा. हा आपल्या कुळात एकटाच, दुसरा भाऊबंद नाही. अरबस्तानच्या किनाऱ्याकडे वाळूत बीळ खणून त्यात अंडं घालतो, तापलेली वाळूच बरंचसं उबवायचं काम करते, आणि थंडीत हे महाराज आपल्याकडे. पक्षी बघणारे लोक खास याच्यासाठी जामनगरला येतात.

पैसे. गाडीचे दिवसाला पंधरा हजारांच्या घरात, मधल्या वारचे, त्यात रोजच्या किलोमीटरची मर्यादा, वरच्या किलोमीटरला वेगळे, टोल वेगळा, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. बडोदा ते जामनगर हे अंतरच असं की पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मर्यादा ओलांडतेच, आणि ते त्यांना बुकिंगच्या वेळी माहीत असतं, सांगत नाहीत. सहा-सात सीटची टॅक्सी आणि हॉटेलच्या दोन-तीन खोल्या धरल्या तर स्वस्त पडलं असतं. ज्यांना सोमनाथ-द्वारका दर्शन करायचंय, शहरात फिरायचंय, त्यांनी टॅक्सी-हॉटेलच करा. नवराबायको दोघंच असाल तर अजिबात नको, एवढा डबा कशाला ओढायचा. चार जण, त्यात एखादं म्हातारं माणूस जे हॉटेलच्या खोलीत एकटं बसायला तयार नाही, एखादं लहान मूल ज्याला झोपेतूनच उचलून न्यायचंय, आणि जायचंय ते ओहोटी आणि पक्षी बघायला, तर घ्या. पिकअपची वेळ बदलून मागा. त्यांची ठरलेली सकाळी दहाची असते, भांडून आम्ही सहाची घेतली, नाहीतर पहिला दिवस पूर्ण रस्त्यातच जातो. दर ठरवायच्या आधी ओहोटीचा तक्ता आणि एजन्सीचं कॅलेंडर एकमेकांशेजारी ठेवा, तारीख समुद्राची धरा.

आणि परत आल्यावर गाडी गोड्या पाण्यानी खालून धुवून घ्यायला सांगा, खारी हवा आणि चिखल लोखंड खातो, पुढच्या माणसाला तीच गाडी मिळणार आहे. आमच्याकडून त्या धुण्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले, वर ती फाटलेली जाळी पण आमच्या नावावर लावली. जाऊबाईंनी निघताना अमितनगरला गाडीच्या आतून व्हिडिओ काढला होता, तोच, रील टाकायला, त्यात मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातलं भोक स्पष्ट दिसत होतं. व्हिडिओ पाठवल्यावर जाळीचे पैसे परत आले, धुण्याचे नाही आले, त्यावर अजून मेसेज चालू आहेत.